सातव्या महिन्यातलं कोलेस्टेरॉल

गरोदरपणातल्या रक्ततपासण्यांची यादी पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुलीला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएल, लघवी. पुढे डबल मार्कर. त्यानंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तास बाकावर बसून राहायची ती तपासणी. तिला सगळ्याजणी ‘ते गोड पाणी’ म्हणतात आणि ते पिऊन निम्म्याजणींना मळमळतं. या यादीत कोलेस्टेरॉल नसतं. डॉक्टर सहसा लिहून देत नाहीत.

तरी ते रिपोर्ट आमच्या काउंटरवर यायचेच. माझी सगळी नोकरी पेठेतल्या एका लॅबमध्ये रक्त काढण्यात आणि मशीनला नमुने लावण्यात गेली. शेवटच्या काही वर्षांत एक नवीनच प्रकार सुरू झाला. ऑफिसातून वार्षिक तपासणीचं कूपन मिळतं, नाहीतर मोबाइलवर साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज स्वस्तात दिसतं. घरी येऊन रक्त नेतात. संध्याकाळी फोनवर पीडीएफ येते, त्यात जे काही जास्त असेल ते ठळक अक्षरात आणि शेजारी ‘एच’. गरोदर आहे की नाही हे त्या पॅकेजला कोणी विचारत नाही.

अशीच एक मुलगी आली होती, हिंजवडीला नोकरी करणारी, सातवा लागलेला. सोबत सासूबाई. रिपोर्ट आमचा नव्हता, पण आमची लॅब त्यांच्या घराजवळ आणि मी ओळखीची. टोटल कोलेस्टेरॉल २६८, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४१. दोन्हीपुढे एच.

“अहो ताई, मी हिला पहिल्यापासून सांगतेय तूप कमी कर म्हणून. आता बाळाच्या हार्टला काही होणार नाही ना?”

मुलगी काही बोलेना. सासूबाई रिक्षाचे सुट्टे पैसे शोधायला वळल्या तेव्हा हळूच म्हणाली, “काकू, चार दिवस नुसता उकडलेला दुधी खातेय.”

मी तिला रिपोर्टातला उजवीकडचा रकाना दाखवला. ‘२०० पेक्षा कमी’ असं तिथं छापलेलं असतं. हा आकडा तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचा, म्हणजे ज्याच्या पोटात कोणी नाही अशाचा. दिवस गेलेल्या बाईचं टोटल कोलेस्टेरॉल शेवटच्या महिन्यांपर्यंत तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा पाव ते अर्ध्याने वाढतं. ट्रायग्लिसराइड तर दुप्पट-तिप्पट होतं. शेवटच्या तिमाहीत अगदी धडधाकट बाईचं टोटल २२० ते ३५० च्या दरम्यान कुठंही सापडू शकतं. तेव्हा सातव्या महिन्यात २६८ म्हणजे शरीर आपलं काम करतंय. “हे मी सांगतेय, पण तुमच्या मॅडमना दाखवा आणि दुधी आजपासून बंद करा,” असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांच्या मॅडमनी वेगळं काही सांगितलं नाही. दुधीबद्दल काय म्हणाल्या ते कळलं नाही.

हे आकडे पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी डोळ्यांनी पाहिले होते. रक्त पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं, थोडा वेळ गोठू दिलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाला लाल गोळा बसतो, मध्ये जेलचा पांढुरका थर आणि वर सिरम. एरवी ते पिवळसर असतं आणि ट्यूब खिडकीकडे धरली तर आरपार दिसतं. नववा लागलेल्या बाईचं, त्यातून ती पोहे खाऊन आलेली असेल, तर ते गढूळ निघतं. कधीकधी थेट दुधाळ. नवीन मुली घाबरतात. “मॅडम, सॅम्पल लायपेमिक आलंय, परत घेऊ?” मी विचारायची, “कितवा?” “नववा.” “मग फॉर्मवर तसं लिही आणि लाव.” हा दुधाळपणा ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांचा. नुसत्या कोलेस्टेरॉलने सिरम पांढरं होत नाही.

हे होतं कसं? लग्नघरासारखं आहे. आधीचे महिने सामान भरण्यात जातात, पोती येऊन पडतात, कोणी हात लावत नाही. कार्य जवळ आलं की कोठार उघडतं. गरोदरपणाच्या पहिल्या दोन तिमाह्यांत आईचं शरीर चरबी साठवतं आणि तिसऱ्या तिमाहीत ती मोकळी करून रक्तात सोडतं. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे यकृत चरबीचे कण जास्त तयार करून पाठवतं. ते कण फोडून पेशींत घेणारं एन्झाइम त्याच सुमारास मंदावतं. इन्सुलिनलाही आईचं शरीर पूर्वीसारखी दाद देत नाही. परिणाम असा की आई स्वतःचं भागवायला चरबी वापरते आणि साखर बाळासाठी राहते. व्यवस्था मोठी हुशारीची आहे. ती बिघडली तर पुढे गरोदरपणातला मधुमेह होतो, तो विषय वेगळा.

ट्रायग्लिसराइड म्हणजे इंधन, हे पटकन पटतं. कोलेस्टेरॉलचं तसं नाही. तो शब्द आपल्याकडे आला तोच हृदयविकाराचं बोट धरून. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं पाहून लोक खूश होतात. वास्तविक कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, ते प्राण्यांकडूनच येतं. आणि खाल्लेल्यापेक्षा कितीतरी जास्त कोलेस्टेरॉल आपलं यकृत आणि बाकीच्या पेशी रोज घरीच तयार करतात. चमचाभर तुपातून साधारण १५ मिलिग्रॅम मिळतं, एका अंड्याच्या बलकातून पावणेदोनशे-दोनशे. तुपाची बरणी कुलपात ठेवून सातव्या महिन्यातला आकडा खाली येत नसतो.

आता बाळाच्या बाजूने बघू. प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल लागतं, आणि गर्भात तर पेशी सारख्या वाढत असतात. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वार (प्लॅसेंटा) तयार करते, ते आईच्या रक्तातल्या एलडीएल नावाच्या कणांमधलं कोलेस्टेरॉल घेऊन. हो, तेच एलडीएल, ज्याला सगळे ‘बॅड’ म्हणून मोकळे होतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कोलेस्टेरॉलशिवाय होत नाही. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा जवळपास चौथा हिस्सा त्याच्याकडे. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे गर्भात चेहऱ्याची मधली रेघ, मेंदूचे दोन भाग, हातापायांची बोटं कुठं आणि कशी यावीत हा निरोप नेणाऱ्या एका प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडला जावा लागतो. तो नसेल तर निरोप नीट पोचत नाही.

हे कळलं ते काही दुर्दैवी बाळांमुळे. स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ सिंड्रोम या नावाचा एक आनुवंशिक आजार १९६४ साली नोंदला गेला. डोकं लहान, टाळूला फट, पायाची दुसरी-तिसरी बोटं चिकटलेली, बुद्धीची वाढ खुंटलेली. कारण सापडायला जवळपास तीस वर्षं गेली. या बाळांच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची शेवटची पायरीच अडलेली असते. आजार दुर्मिळ आहे, पण त्याच्यामुळे एक प्रश्न उभा राहिला. बाळाच्या बाजूने कमी पडलं तर इतकं होतं. आईच्याच रक्तात कमी असेल तर?

तो प्रश्न अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या संशोधकांनी घेतला. दक्षिण कॅरोलायनात मधल्या तिमाहीच्या नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या बायकांचं रक्त त्यांनी वापरलं, आणि २००७ साली निष्कर्ष छापला. वय २१ ते ३४, धूम्रपान न करणाऱ्या, मधुमेह नसलेल्या बायका. ज्यांचं टोटल कोलेस्टेरॉल सगळ्यांत खालच्या दहा टक्क्यांत, म्हणजे साधारण १६० च्या खाली होतं, त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण १२.७ टक्के होतं. मधल्या पातळीच्या बायकांत ते ५ टक्के. पूर्ण दिवसांनी झालेली बाळंही कमी कोलेस्टेरॉलवाल्यांची सरासरी १५० ग्रॅमने हलकी होती. डोक्याचा घेर लहान असण्याकडेही कल दिसला.

यातली एक गोष्ट बातम्यांमध्ये गळून जाते. लवकर बाळंत होण्याचा संबंध फक्त गोऱ्या बायकांत दिसला, कृष्णवर्णीय बायकांत नाही. शिवाय संबंध दिसणं आणि कारण असणं यांत फरक आहे. कमी कोलेस्टेरॉल हे कुपोषणाचं, एखाद्या जनुकाचं किंवा आणखी कशाचं चिन्ह असू शकतं. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल वाढवा, बाळ सुधारेल’ असा सल्ला यातून निघत नाही आणि त्या संशोधकांनीही तो दिलेला नाही. मला यातून इतकंच घ्यावंसं वाटतं की हा आकडा खालूनही बघायचा असतो. आमच्या लॅबच्या छापील रकान्यात ‘२०० पेक्षा कमी’ असं होतं. कमी म्हणजे किती कमी, याला तळच नव्हता. १३० आलं तर शाबासकी.

आणि आपल्याकडे मुद्दा कायम खालच्याच बाजूचा होता. हे मी रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या कामावरून म्हणते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, दिवस जाण्याच्याही आधीपासून. त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. दिवसाला जेमतेम १८०० कॅलरी. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची, ज्यांच्याशी तुलना केली ती, ३.५ किलोची. इथवर कोणालाही अंदाज बांधता येईल. पण त्यांनी बाळांना नुसतं काट्यावर ठेवलं नाही, टेपने आणि चिमट्याने मोजलं. पोटाचा घेर, दंड, डोकं, पाठीवर खांद्याच्या हाडाखालची त्वचेची घडी. स्नायू आणि पोटातले अवयव इंग्रज बाळांपेक्षा फारच लहान होते. ती पाठीवरची घडी मात्र, म्हणजे त्वचेखालची चरबी, फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला काडी आणि आतून चरबीदार. ‘थिन-फॅट’ बाळ म्हणून ही गोष्ट २००३ साली जगासमोर आली, आणि आपल्याकडे सडपातळ माणसांना चाळिशीत मधुमेह का होतो याचा एक धागा पाळण्यापर्यंत जाऊन पोचला.

याच बायकांच्या रक्तातल्या चरबीचा हिशेब २०१३ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्या, किरकोळ अंगाच्या या आयांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं बाळ मोठं. साखरेचा बाळाच्या वजनाशी जेवढा संबंध, त्याहून या चरबीचा कमी नाही. माझ्यासारख्या, आयुष्यभर ‘गोड पाणी’ पाजून साखरेचेच रिपोर्ट हातात देणाऱ्या बाईला हे वाचून गंमत वाटली. आपण एकाच खिडकीतून बघत होतो.

पण ‘बाळ मोठं’ म्हणजे आपोआप ‘बाळ चांगलं’ असं नाही. मोठेपणा कशाचा, हाडामांसाचा की चरबीचा, हे वजनाच्या काट्याला कळत नाही. त्याच गावांतल्या आहाराच्या अभ्यासात एकूण कॅलरी किंवा प्रथिनं किती खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो अठराव्या आठवड्यात दूध किती वेळा, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाजी आणि फळं किती वेळा याचा. मेथी, शेपू, चाकवत. सगळ्यांत हलक्या बायकांत पालेभाजीचा हा संबंध जास्त ठळक. आणखी एक निघालं, त्याचा उल्लेख मात्र कमी होतो. ज्या बायका शेतात आणि घरात जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान होती. पाणी कोण भरतं यावर बाळाचं वजन ठरत असेल, तर आईच्या ताटाकडे बोट दाखवून भागत नाही. पुण्यात गर्भसंस्काराच्या वर्गांना तोटा नाही. आईनं काय ऐकावं, काय वाचावं, कसे विचार करावेत, सगळं सांगतात. हंडा कोणी उचलावा हेही एखाद्या रविवारी सासरच्या मंडळींना बसवून सांगितलं तर बरं होईल.

वरच्या बाजूचा धोका खोटा आहे असं मात्र नाही. इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी १९९७ साली न वाचलेल्या गर्भांच्या महाधमन्या तपासल्या. ज्यांच्या आयांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं त्यांच्या महाधमनीत चरबीच्या रेघा जास्त आणि मोठ्या होत्या. १९९९ साली त्यांनीच मुलांमध्ये पाहिलं. अशा आयांच्या मुलांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बेताचं असूनही धमन्यांमधला तो बदल वयाबरोबर भराभर वाढत होता. हृदयविकार जन्माआधी सुरू होतो असं यावरून लगेच म्हणायची घाई नको, पण आईचं रक्त बाळाच्या धमनीवर खूण ठेवून जातं, एवढं दिसतं.

इथं खरा प्रश्न असा की दिवस जाण्याआधीचा आकडा काय होता. १९० वरून २६८ झालेली आणि २९० वरून ४०० झालेली, या दोघींची गोष्ट एक नाही. दुसरीच्या घरी वडिलांना किंवा मामाला चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आलेला असतो, टाचेच्या वरच्या जाड शिरेवर (टेंडनवर) गाठी असतात, आणि कोणी दोन्ही जोडून बघितलेलं नसतं. एलडीएल उचलून घेणारे पेशींवरचे रिसेप्टर जन्मतःच कमी असण्याचा हा आनुवंशिक प्रकार, साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. ते रिसेप्टर शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अशा बाईने स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी चालू असताना दिवस राहिले तर घाबरून जाऊ नये आणि मनानेही काही करू नये, ताबडतोब डॉक्टरांना गाठावं. बहुतेकींना ती गोळी गरोदरपणात थांबवायलाच सांगतात. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोळीवरचा सरसकट बंदीचा इशारा काढून टाकायला सांगितला, तोही फार जोखमीच्या मोजक्या बायकांसाठी वाट ठेवायची म्हणून. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, ते दुखणं जिवावरचं. म्हणून सगळ्याच एचकडे दुर्लक्ष करायचं नसतं. कुठल्या एचवर थांबायचं ते घरच्या इतिहासावरून आणि आधीच्या रिपोर्टवरून कळतं. आणि आधीचा रिपोर्ट तर बहुतेकींकडे नसतोच.

बाळंतपणानंतर हे आकडे आपसूक उतरतात, काही आठवड्यांत. तेव्हा शंका असेल तर बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत करून बघावं, सातव्या महिन्यात नव्हे. नवजात बाळाचं स्वतःचं कोलेस्टेरॉल आईच्या मानाने अगदीच कमी, सत्तरच्या आसपास. मग दूध सुरू होतं. आईच्या दुधातली निम्मी उष्णता चरबीतून येते, आणि त्यात कोलेस्टेरॉलही असतं. आईनं अंडी खाल्ली काय आणि नाही काय, त्यात फारसा फरक पडत नाही. बाळंतिणीचा डिंकाचा लाडू तिच्या स्वतःच्या भरून येण्यासाठी, एवढं धरून चालावं.

मला खरी खंत आहे ती वेळेची. गर्भ सुरुवातीच्या आठवड्यांत कोलेस्टेरॉलसाठी जवळजवळ संपूर्णपणे आईवर अवलंबून असतो, पुढे तो स्वतःचं करायला लागतो. म्हणजे ज्या काळात आईच्या रक्तात काय आहे याला सगळ्यांत जास्त महत्त्व, त्या काळात बाईला अजून कळलेलंही नसतं. किटवर दोन रेघा दिसून, डॉक्टरांची वेळ मिळून, ती आमच्याकडे हात पुढे करते तोवर हृदयाचे ठोके सुरू झालेले असतात. केईएमच्या लोकांना हे फार आधी उमगलं असावं. त्या सहा गावांत जन्मलेली मुलं सतरा वर्षांच्या आसपास पोचली तेव्हा, २०१२ पासून, त्यांनी त्याच मुलामुलींना बी-१२ जीवनसत्त्व द्यायला सुरुवात केली. त्यांच्या आयांपैकी दोन-तृतीयांश बायकांत ते कमी निघालं होतं. मुलींची लग्नं व्हायच्या आधी. मुलांनाही, हे मला विशेष आवडलं.

माझी भाची विमाननगरला राहते, अठ्ठावीस वर्षांची, जिमला जाते, तेल म्हटलं की तोंड वाकडं करते. मागच्या दिवाळीत तिला म्हटलं, एकदा लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी, आणि बी-१२ करून ठेव, कागद जपून ठेव. “आत्या, अजून स्थळं बघायला सुरुवात नाही आणि तू बाळंतपणावर पोचलीस!” केलं मात्र तिनं. टोटल १३८, बी-१२ रकान्याच्या तळाशी. १३८ वर औषध नसतं, तिला तसं सांगितलंय. पोटभर जेवायचं, एवढंच. बी-१२ ची गोळी डॉक्टरांनी सुरू केली. वहिनीच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, तेव्हा दूध, दही, ताक यावर तह झाला आहे. शेपू ती अजूनही ताटाच्या कडेला सारते.